चारच्या जागी आठ

माझ्या आईला माझ्या बाबांशी पाच मिनिटं बोलायचं होतं. काम एवढंच होतं, आणि ते माझ्याच्याने चार दिवस झालं नाही. इमारतींमध्ये वायफाय लावून देणं हाच माझा धंदा आहे. वीस वर्षं पुण्यात तेच करतोय, आता खराडीत एका मोठ्या कंपनीत बसतो, गावाकडे माझं नावच 'इंटरनेटवाला' पडलंय. हसू येत असेल तर हसा, मीही कुणा दुसऱ्याचं असतं तर हसलो असतो.

आमचं गाव यवतमाळकडचं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपासून त्यांची फुप्फुसं आकसत चालली होती. चार पावलं चालले की बसायचे. त्यात आई अंगणात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पलंग सुटला नव्हता. ताई सासरहून येऊन तिच्याजवळ राहिली होती. आईला तशा अवस्थेत सोडून पुण्याला यायला बाबा तयारच नव्हते. मी फोनवर भांडलो. इथे चांगले डॉक्टर आहेत म्हणालो, पंधरा दिवसांत परत आणून सोडतो म्हणालो. हॉस्पिटलही मीच निवडलं. पेठांच्या कडेचं, चार मजली, फार मोठं नाही. आठ वर्षांपूर्वी, आधीच्या नोकरीत असताना, तिथलं वायफाय मीच बसवलं होतं. "ओळखीचं आहे बाबा," असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

पहिले पाच दिवस ते साध्या वॉर्डात होते आणि दिवसातून तीनदा आईला फोन करायचे. बोलणं काय, तर गोळ्या घेतल्या का, दूधवाला आला होता का, मोटर बंद केली का. सहाव्या दिवशी श्वास फारच लागला आणि त्यांना दुसऱ्या मजल्यावर आयसीयूत हलवलं.

आयसीयूत मोबाइल चालत नाही. दारात एक ट्रे आहे, त्यात ठेवून आत जायचं. नाहीतरी त्या मजल्यावर रेंज नसतेच, शेजारी एक्स-रेच्या जाड भिंती आहेत. मला सकाळी अकराला पाच मिनिटं भेट. लांबच्या नातेवाइकांसाठी हॉस्पिटलने एक चांगली सोय केली होती. चाकांच्या स्टँडवर एक टॅब. संध्याकाळी पाच वाजता सिस्टर तो पेशंटच्या पलंगाशी नेतात आणि आपण दिलेल्या नंबरावर व्हिडिओ कॉल लावून देतात. टॅबमध्ये सिम नाही, तो हॉस्पिटलच्या वायफायवर चालतो.

पहिल्या दिवशी पाचला दहा कमी असताना ताईचा फोन आला. "आई तयार होऊन बसली आहे रे." तयार म्हणजे खरंच तयार. केस विंचरून घेतले होते, चष्मा पुसून घेतला होता, पाठीशी तीन उशा लावून घेतल्या होत्या. सव्वापाच झाले, कॉल नाही. मी आयसीयूच्या दारावर टकटक केली. सिस्टर बाहेर आल्या, साताऱ्याकडच्या असाव्यात, थकलेल्या पण नीट बोलणाऱ्या. "नेट नाहीये दादा. गेल्या आठवड्यापासून या मजल्याचं गेलंय. माणसं बघतायत."

"काउंटरवरच्या फोनवरून नाही का?"

"वायर पलंगापर्यंत येत नाही. आणि त्यांना उठवायचं नाही."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. उद्या?" म्हटलं, उद्या. मग मला वाटलं आपण शहाणपणा करावा. म्हटलं, "काय सांगायचंय ते मला सांग, मी सकाळी आत जातो तेव्हा सांगीन त्यांना." ती म्हणाली, "तुले नाही सांगाचं ते. त्यायलेच सांगीन."

दुसऱ्या दिवशी अकराला आत गेलो. मास्कमधून बाबांनी पहिलं हेच विचारलं, की तिचा फोन का नाही आला. म्हटलं, नेट बंद आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अन् तू काय करून राह्यला मंग?"

टोमणा नव्हता तो. त्यांच्या लेखी इंटरनेट म्हणजे मी. पोराच्या हातात असलेली गोष्ट बंद कशी पडते, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी बाहेर येऊन आयसीयूच्या दारासमोरच्या बाकावर बसलो.

बाकावर बसून माणूस काय करतो, वर बघतो. छतावर वायफायचा पांढरा डबा होता, ताटलीएवढा. एका जागी स्थिर जळायला हवा तो त्याचा दिवा सारखा रंग बदलत होता. हिरवा, लाल, पिवळा, पुन्हा हिरवा. या दिव्याची भाषा मला झोपेतही कळते. डबा जिवंत आहे, त्याला वीज आहे, पण त्याला त्याचा मालक सापडत नाहीये.

हे जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. असले डबे एकटे काही करत नाहीत. खाली एका खोलीत कंट्रोलर नावाचं यंत्र असतं, ते सगळ्या डब्यांना चालवतं. नवा डबा छताला लावला की त्याला काहीच माहीत नसतं. तो आधी 'मला पत्ता द्या' असं ओरडतो. पत्ते वाटणारी एक सेवा असते, तिला डीएचसीपी म्हणतात. ती डब्याला त्याचा पत्ता देते आणि सोबत एक चिठ्ठी देते, की तुझा कंट्रोलर अमुक ठिकाणी राहतो, तिकडे जा. चिठ्ठी बरोबर असली की डबा मिनिटभरात कामाला लागतो. चुकीची असली की तो आयुष्यभर छतावर डोळे मिचकावत बसतो.

मी तळघरात आयटी विभागात गेलो. माझ्या वेळचे गृहस्थ केव्हाच गेले होते. त्यांच्या जागी पन्नाशीच्या एक बाई होत्या, चष्मा कपाळावर, समोर फायलींची चळत. मी ओळख सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माहिती दिली. गेल्या आठवड्यात आयसीयूच्या मजल्याचं छत नवं केलं, तेव्हा त्या मजल्यावरचे डबे नवे लावले. त्याच सुमारास दोन कंट्रोलरपैकी पहिला, जुना झालेला, बंद करून काढून टाकला. बाकी तिन्ही मजले व्यवस्थित चालू आहेत, म्हणजे नवे डबेच सदोष आहेत. सध्याची व्हेंडर कंपनी दुसऱ्या शहरातून लक्ष घालते आहे.

"उंटावरून शेळ्या," मी म्हणालो.

"हो, पण करार उंटाशीच आहे," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की डबे चांगले आहेत. जुन्या डब्यांना पहिल्या कंट्रोलरने दुसऱ्याचा पत्ता केव्हाच पाठ करून दिलाय म्हणून ते चालतायत. नव्यांकडे फक्त चिठ्ठी आहे. चिठ्ठी तपासा. मला दाखवा, मी दोन मिनिटांत सांगतो. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"आपण पेशंटचे नातेवाईक आहात की व्हेंडर? दोन्ही एकाच वेळी होता येत नाही. नातेवाइकांची बसायची सोय वर आहे."

मी संतापलो. जिन्यात उभा राहून मनातल्या मनात त्यांना जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. पाच वाजता पुन्हा ताईचा फोन, पुन्हा आई तीन उशांना टेकून बसलेली, पुन्हा तेच. आता तिने 'उद्या?' असंही विचारलं नाही.

घरी आल्या आल्या जुनी हार्डडिस्क शोधली. आमच्या धंद्यात प्रत्येकाची एक फाइल असते, साधी, नोटपॅडमधली. एका ठिकाणी चाललेली ओळ तिथून उचलायची, दुसऱ्या ठिकाणी डकवायची, पत्ते तेवढे बदलायचे. पुण्यातल्या अर्ध्या इमारती अशा उसन्या ओळींवर उभ्या आहेत. कुणी नव्याने काही लिहीत नाही, कारण चालतंय त्याला हात लावायचा नाही हा आमचा पहिला धडा. मला त्या बाईंना दाखवून द्यायचं होतं की मी तेव्हा किती चोख काम केलं होतं आणि नंतर आलेल्या शहाण्यांनी त्याचं कसं वाटोळं केलं.

ओळ सापडली. ती चिठ्ठी हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा चिन्हांच्या लिपीत लिहायची असते. आधी एक खूण, मग पुढे किती घरं वाचायची तो आकडा, मग कंट्रोलरचे पत्ते. एका पत्त्याला चार घरं लागतात. एक कंट्रोलर असेल तर चार लिहायचं, दोन असतील तर आठ. मी पत्ते दोन लिहिले होते आणि आकडा चारच ठेवला होता. आधीच्या जागी एकच कंट्रोलर होता, तिथली ओळ उचलली, पुढे दुसरा पत्ता जोडला आणि आकडा बदलायचा विसरलो. म्हणजे आठ वर्षं प्रत्येक डबा पहिला पत्ता वाचून तिथेच थांबत होता. पहिला कंट्रोलर जिवंत होता तोवर कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. गेल्या आठवड्यात तो काढला आणि नव्या डब्यांच्या हातात मेलेल्याचा पत्ता उरला.

चूक कुणाकडूनही होते, पण यापुढचं मला जास्त लागलं. काम सोपवताना एक चाचणी करायची असते. पहिला कंट्रोलर बंद करायचा, एक कोरा डबा लावायचा आणि तो दुसऱ्याकडे जातो का बघायचं. अर्ध्या तासाचं काम. मी ती केली नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते, मला भूक लागली होती, कोपऱ्यावरची खानावळ तीनला बंद व्हायची. कारण खरंच एवढंच होतं. मी कागदावर चाचणीपुढे 'ओके' लिहिलं, सही केली आणि जेवायला गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांना भेटलो, पण त्यांच्याकडे नीट बघता आलं नाही. तिथून थेट तळघरात. बाईंना सगळं सांगितलं. चिठ्ठी चुकीची आहे, ती मी लिहिली आहे, चारच्या जागी आठ करायचं, बास. त्या उठल्या, कपाटातून एक जुनी फाइल काढली, पानं उलटली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे अक्षर आपलंच का?"

माझंच होतं. 'ओके'च्या खाली रेघसुद्धा मारली होती.

मला वाटलं, आता त्या मला फैलावर घेतील. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "मघापर्यंत हा सदोष डब्याचा प्रश्न होता. डबा बदलणं माझ्या हातात आहे, त्याला माझी एकटीची सही पुरली असती. आता हा सेटिंगचा प्रश्न झाला. सेटिंगला हात लावायचा तर समितीची सही लागते."

मागे कुणीतरी न विचारता एक सेटिंग बदललं आणि लॅबचे रिपोर्ट अर्धा दिवस अडकून पडले, तेव्हापासून हा नियम. नियम चांगलाच आहे. दुसऱ्या कुणाच्या हॉस्पिटलमध्ये मीच असा नियम करायला सांगितला असता. मी म्हटलं, निदान शिडी लावून एकेका डब्याला हाताने पत्ता देऊ या. त्या म्हणाल्या, आयसीयूत पेशंट असताना छताशी शिडी लावायला कुणीही परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. समितीच्या अध्यक्ष डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोर दोनदा फोन लावला. ते ऑपरेशनमध्ये होते. समिती दुसऱ्या दिवशी दुपारी बसणार होती.

मी हात जोडले. वीस वर्षांत कुठल्याही सर्व्हर रूममध्ये मी हात जोडले नव्हते. आईबद्दल सांगितलं, खुबा, पलंग, पाच वाजता केस विंचरून बसते ते, सगळं. बोलता बोलता रडलो.

"अहो, हात नका जोडू," त्या म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या." मग त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि समितीचा अर्ज स्वतःच लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यात माझं नाव कुठेही घातलं नाही. आदल्या दिवशी जिन्यात त्यांना काय काय म्हटलं होतं ते आठवून मला लाज वाटली.

चौथ्या दिवशी बाबा फार थकलेले होते. वाक्यं तुटत होती. मी म्हटलं, आज संध्याकाळी नक्की, बाबा, आज मी स्वतः बघतो. त्यांनी माझं मनगट धरलं. "तिले सांगजो..." म्हणाले आणि थांबले. खोकला आला. खोकला गेल्यावर मान हलवली. "राहू दे. नेट आल्यावर मीच बोलीन."

एक वाजता डॉक्टरांनी बोलावलं. ऑक्सिजन पुरत नाहीये, व्हेंटिलेटर लावायला हवा, सही करा. मी सही केली. या वेळी कागदावरचं अक्षरन् अक्षर वाचलं.

अडीचला समितीची परवानगी आली. बाईंनी मला खाली बोलावून घेतलं, स्वतःच्या शेजारी खुर्ची दिली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. "हात मी लावते. आपण फक्त सांगा." मी सांगितलं. चार खोडला, आठ लिहिला, सेव्ह केलं. मिनिटसुद्धा लागलं नाही. मी तीन मजले चढून वर आलो तेव्हा बाकावरच्या डब्याचा दिवा स्थिर झाला होता. मला काहीही वाटलं नाही. मेल्यासारखा त्याच्याकडे बघत उभा राहिलो.

आईला सांगायचं कसं, ते ताईवर सोडलं. नळी लावली आहे असं ताईने सांगितलं असणार, पण नळी म्हणजे काय ते आईला कुठून कळणार. पाच वाजता सिस्टरांनी मलाही आत येऊ दिलं. कॉल लागला. एकदम स्वच्छ चित्र, आवाजही स्पष्ट. आई दिसली, चष्मा, केस, तीन उशा. सिस्टरांनी टॅब बाबांकडे वळवला. तोंडात नळी, गालावर चिकटपट्ट्या, डोळे मिटलेले, छाती यंत्राच्या तालावर वरखाली.

"झोपले का?" आईने विचारलं.

"औषधानं झोपवलंय आजी," सिस्टर म्हणाल्या. "पण बोला तुम्ही. ऐकू जातं कधी कधी."

आईने स्क्रीनवर इकडेतिकडे पाहिलं. तिच्या बाजूला फोन धरलेली ताई होती. आमच्या बाजूला सिस्टर होत्या, मी होतो. ती पुढे वाकली आणि म्हणाली, "अहो."

मग म्हणाली, "पाय गार तं नाही पडले न त्यायचे? पांघरून द्या त्यायले."

मी बाबांच्या पायांवर चादर ओढली. उरलेला सगळा वेळ ती नुसती बघत राहिली. पाच मिनिटं झाल्यावर सिस्टरांनी विचारलं, बंद करू का आजी, तर तिने होकारार्थी मान हलवली. दोन दिवसांनी बाबा गेले.

आम्ही त्यांना गावी नेलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बरीच माणसं आली, त्यांचे विद्यार्थी, जुने शिक्षक, पंचक्रोशीतले लोक. भन्तेंनी वंदना घेतली, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींशेजारी बाबांचा फोटो ठेवला होता. आईला पलंगासकट मांडवाच्या कडेला आणून ठेवलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती एकच गोष्ट सांगत होती. "तिथली मशीनच बंद पडली होती, माय. कोनाच्यानं सुरू होत नव्हती. माह्या पोरानं सुरू केली, म्हणून मले त्यायचं तोंड पाह्याले भेटलं." बायका माझ्याकडे बघायच्या. एका वयस्क गुरुजींनी तर माइकवरूनही ते सांगितलं, मुलगा कसा असावा म्हणून. मी वाढत होतो, हातात वरणाची बादली होती. ती घेऊन पुढच्या पंगतीत गेलो.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर तिच्या पलंगाशी बसलो. मला ते आत ठेवणं शक्यच नव्हतं. सगळं सांगितलं. चिठ्ठी, दोन पत्ते, चारच्या जागी आठ, न केलेली चाचणी, ओके, खानावळ. चार दिवस ती मशीन माझ्यामुळे बंद होती, आई. नाहीतर पहिल्याच दिवशी तुमचं बोलणं झालं असतं, ते बोलू शकत होते तेव्हा. तिला सगळं कळलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. हेडमास्तरांची बायको ती, हिशोब तिला शिकवावा लागत नाही. मी गप्प झाल्यावर तिने विचारलं, "पह्यल्या दिवशी बोलू शकत होते?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून मामी आल्या. त्यांना कार्यक्रमाला पोचता आलं नव्हतं. आईच्या गळ्यात पडून रडल्या, मग विचारलं, शेवटचं बोलणं तरी झालं का हो तुमचं. आईने डोळे पुसले आणि सांगायला लागली. तिथली मशीनच बंद पडली होती, कोनाच्यानं सुरू होत नव्हती, माह्या पोरानं सुरू केली. कालचाच शब्द न् शब्द. मी समोर खुर्चीवर बसलो होतो. सांगताना तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.